डावी चौकट, उजवी चौकट

मुंबईहून येणारा लोहमार्ग कल्याणला दुभंगतो, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. एक फाटा कर्जतच्या बाजूस जातो; त्यावरचे पहिले स्टेशन विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. दुसरा फाटा कसाऱ्याकडे वळतो आणि त्यावरचे पहिले स्टेशन शहाड. दोन्हीकडच्या गाड्या दिसावयास सारख्या, डबे सारखे, गर्दीही सारखीच. पाटी न वाचता चढलेला विठ्ठलवाडीचा पाहुणा शहाडला उतरतो, स्वतःवर चरफडतो आणि उलट गाडीने परत येतो. यजमानीणबाईंचा चहा दुसऱ्यांदा गरम करावा लागतो, एवढेच काय ते नुकसान!

आज या सदरात ज्या विषयावर लिहावयाचे आहे, तेथेही दोन दिशा आहेत आणि दोन्ही दिसावयास सारख्याच आहेत. मात्र तेथे चुकीच्या दिशेने गेलेली वस्तू परतीच्या गाडीने येत नाही. उलट ती जेथे उतरते, तेथे त्याच नावाचे कोणी आधी बसलेले असेल तर त्याला पुसून टाकून स्वतः त्या जागी बसते. हा विषय म्हणजे एका संगणकावरच्या फायली दुसऱ्या, दूरच्या संगणकावर पाठवणे, आणि त्यासाठी घरोघर वापरले जाणारे ते दोन चौकटींचे प्रोग्रॅम.

विषय आम्हांला सुचला तो विठ्ठलवाडीच्या एका वाचक भगिनींच्या पत्रावरून. त्यांचे कै. मामंजी निवृत्तीनंतर संगणकावर टंकलेखन शिकले आणि पंधरा वर्षे रोज सकाळी दोन तास बसून कुळाची हकीकत लिहीत राहिले. गावचे घर, कोर्टकज्जे, कुळाचार, आजीच्या तोंडच्या ओव्या असा सगळा मिळून दोनशेवर फायलींचा संसार. त्यांतली मुख्य फाईल म्हणजे वंशावळ. पण वंशावळ आपल्याकडे जशी असते तशीच ती होती: मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुली जन्मल्या आणि लग्न होऊन गेल्या, त्या कागदावरूनही गेल्या.

मामंजींच्या पश्चात सूनबाईंनी ठरवले की मुलींची नावे घालावयाची. त्यांनी दुपारी घरकाम आटोपल्यावर आत्येसासू, मावससासू, चुलत नणंदा, कोण कोठे दिली आहे त्या सर्वांना फोन केले. तीन आठवड्यांत एकसष्ट नावे मिळाली. माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव आणि ठाऊक असेल तर वर्ष. ही माहिती देणाऱ्यांत नव्वदीच्या एक आत्याबाई होत्या. त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या सोळा नावे सांगितली.

ही सुधारलेली वंशावळ बाईंनी नागपंचमीच्या सुमारास सर्व्हरवर चढवली. सर्व्हर म्हणजे नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या दिरांनी भाड्याने घेतलेली जागा. तेथे दोघांनीही आपापल्या घरून फायली ठेवाव्यात, उतरवून घ्याव्यात अशी व्यवस्था होती. फाईल पलीकडे नीट दिसते आहे याची बाईंनी खात्री केली आणि आपल्या जुन्या संगणकात जागा उरली नव्हती म्हणून इकडची प्रत काढून टाकली. पुढे गोकुळाष्टमीच्या सुटीत दिरांनी नवा लॅपटॉप घेतला आणि सगळे सामान ‘एकसारखे’ करून टाकले. पितृपक्षात बाईंनी नावे पाहण्यासाठी वंशावळ उघडली, तो काय! मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. आत्याबाई मधल्या काळात निवर्तल्या होत्या.

“भावोजी म्हणतात, ‘वहिनी, मी फक्त नव्याने जुने बदलले, जुन्याने नवे बदलले नाही. प्रोग्रॅमला तसेच स्पष्ट सांगितले होते.’ ते खोटे बोलणारे नाहीत. मग माझी नावे गेली कोठे?” असे बाई विचारतात.

दीर खरोखरच खोटे बोलत नाहीत. त्यांनी प्रोग्रॅमला जे सांगितले ते त्याने तंतोतंत केले. गोम निराळीच आहे, आणि ती समजावयास थोडे मागे जावे लागेल.

फायली एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे नेण्याचा पहिला नियम लिहिणारा मनुष्य आपल्याकडचाच, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. अभय भूषण हे त्यांचे नाव. अलाहाबादचे, कानपूरच्या आय. आय. टी.तून १९६५ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली तिच्यातले विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये गेले आणि तेथे असताना त्यांनी १६ एप्रिल १९७१ या तारखेचे एक टिपण लिहिले. अमेरिकेत तेव्हा मोजक्या विद्यापीठांचे आणि संस्थांचे संगणक एकमेकांस जोडलेले होते. पण प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी, फाईल ठेवण्याची तऱ्हा वेगळी. दोन अनोळखी यंत्रांनी परस्परांशी कोणत्या शब्दांत बोलावे म्हणजे एकाची फाईल दुसऱ्याकडे सुखरूप जाईल, ते या टिपणात होते. त्यालाच फाईल ट्रान्स्फर प्रोटोकॉल, म्हणजे एफ. टी. पी. म्हणतात. आणखी गमतीची गोष्ट अशी की प्रारंभीच्या काळात ई-मेलसुद्धा याच वाहनात बसून जात असे. त्याला स्वतःची गाडी १९८२ साली मिळाली.

नियमावली पुढे सुधारत गेली. जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये ती नव्याने लिहिली, आणि तीच पुढे पायाभूत राहिली. तिच्यात ‘आण’, ‘ठेव’, ‘पूस’, ‘नाव बदल’ अशा आज्ञा आहेत. पैकी ‘ठेव’ या आज्ञेखाली काय म्हटले आहे ते लक्षपूर्वक पाहावे. पलीकडे त्याच नावाची फाईल आधीच असेल, तर तिच्यातला मजकूर जाऊन नवा मजकूर त्या जागी येईल! विचारणे नाही, सावरणे नाही, जुनी प्रत बाजूला ठेवणे नाही. एकाच नावाच्या दोन फायली होऊ नयेत यासाठी निराळी आज्ञा त्याच नियमावलीत आहे. पण ‘ठेव’ म्हणजे बदल, हा मूळ धर्म.

त्या काळी या आज्ञा हाताने टंकित कराव्या लागत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, आणि एक अक्षर चुकले की यंत्राची कुरकुर. यात सामान्य माणसाचा पाड लागणे कठीणच होते. मग चित्रमय प्रोग्रॅम आले. पडद्याचे दोन भाग करावयाचे, एकात एक कपाट, दुसऱ्यात दुसरे, आणि इकडची वस्तू तिकडे सरकवावयाची, ही कल्पना १९८६ सालच्या नॉर्टन कमांडर या प्रोग्रॅमने लोकप्रिय केली होती. पण तेथे दोन्ही कपाटे बहुधा एकाच खोलीतली असत. एफ. टी. पी.च्या चित्रमय प्रोग्रॅमांनी दुसरे कपाट हजार मैलांवर नेऊन ठेवले. हल्ली यांतला जो फार वापरात आहे त्याचे नाव फाईलझिला. टिम कॉस आणि त्याच्या दोन वर्गमित्रांनी जानेवारी २००१ मध्ये वर्गातला अभ्यास म्हणून तो लिहावयास घेतला आणि पुढे सर्वांसाठी खुला केला. प्रागच्या मार्टिन प्रिक्रिलचा विनएस्सीपी हा दुसरा, तोही विद्यार्थिदशेत सुरू झालेला. दोन्ही फुकट मिळतात. पूर्वी इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरमधूनही एफ. टी. पी.च्या फायली उतरवता येत. फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांनीही २०२१ साली ती सोय काढून टाकली, त्यामुळे निराळा प्रोग्रॅम आता घ्यावाच लागतो. तो घेताना मात्र मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. फाईलझिलाच्या हुबेहूब बनावट प्रती २०१४ साली आढळल्या होत्या, आणि त्या वापरणाऱ्याचा पासवर्ड गुपचूप चोरीत.

आता प्रत्यक्ष खिडकी उघडू. वर एक पट्टी आहे. तीत चार गोष्टी भरावयाच्या: पलीकडच्या संगणकाचा पत्ता, आपले नाव, पासवर्ड आणि पोर्टचा आकडा. हा आकडा म्हणजे इमारतीतला दरवाजा समजा. २१ हा साध्या एफ. टी. पी.चा, २२ हा एस. एफ. टी. पी.चा. नावांत एका अक्षराचा फरक. पण व्यवहारात पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांत आहे तेवढा. साध्या एफ. टी. पी.त तुमचा पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत तारेवरून जातो आणि वाटेतला कोणीही तो वाचू शकतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड असेच कोणी टिपून घेतले, तेव्हा १९९५ साली तातू इलोनेन यांनी बंद पाकिटाची पद्धत तयार केली, एस. एफ. टी. पी. तिच्यावरच चालते. भाड्याची जागा देणारा दोन्ही देत असेल तर २२ चाच दरवाजा घ्यावा, यात दुमत नाही.

पट्टीखाली एका चौकटीत इंग्रजी ओळी भराभर धावतात. यंत्रांचे आपसातले संभाषण ते. तांबड्या अक्षरांत ओळ आली तर थांबून वाचावी. एरवी तिकडे लक्ष न दिले तरी चालेल. सर्वांत खाली तीन कप्पे: वाट पाहणाऱ्या फायली, न पोचलेल्या आणि पोचलेल्या. पुष्कळ लोक ‘काम झाले’ असा आवाज आला की खिडकी बंद करतात. न पोचलेल्यांचा मधला कप्पा उघडून पाहण्याचे श्रम शंभरात पाच जणही घेत नसावेत, असा आमचा संशय आहे. दोनशे फायलींतल्या तीन अडकल्या तर त्या तेथे मुकाट्याने बसून असतात.

आणि मध्यभागी त्या दोन चौकटी. डावी आपली, उजवी पलीकडची. आम्हांला विचाराल तर साऱ्या प्रोग्रॅमची शोभा येथे आहे आणि धोकाही येथेच आहे. दोन्ही बाजूंस तीच पिवळी फोल्डरे, तीच नावे, तीच ठेवण. एकाच नावाच्या दोन फायली समोरासमोर उभ्या असतात आणि त्यांच्या पोटात काय आहे ते कोणतीच सांगत नाही. आकार आणि तारीख एवढेच दिसते. विठ्ठलवाडीच्या वंशावळीचा घात झाला तो या तारखेने.

फाईलच्या पुढे जी तारीख दिसते ती मजकूर केव्हा लिहिला त्याची, अशी आपली समजूत असते. घरच्या एकाच संगणकावर ती बहुतेक खरीही असते. परंतु या प्रोग्रॅममधून फाईल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेली की, तुम्ही मुद्दाम निराळे सांगितले नसेल तर, तिच्यावर पोचल्या दिवसाची तारीख पडते. टपालाचेच उदाहरण घ्या. आजोबांनी १९५२ साली लिहिलेले पत्र तुम्ही आज नव्या पाकिटात घालून टाकले, तर शिक्का आजचा पडेल. पाकीट नवे, पत्र जुने.

आता दिरांनी काय केले ते पाहा. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर वंशावळीची ज्येष्ठातली, म्हणजे मुलींच्या नावांपूर्वीची प्रत होती. लॅपटॉप बदलताना त्यांनी सगळ्या फायली सर्व्हरवरच्या एका तात्पुरत्या फोल्डरात चढवल्या आणि तेथून नव्या लॅपटॉपवर उतरवल्या. झाले! ज्येष्ठातल्या मजकुरावर गोकुळाष्टमीचा शिक्का पडला. मग त्यांनी तेच सारे घरच्या मूळ फोल्डरात सरकवले. तेथे बाईंची वंशावळ नागपंचमीची. प्रोग्रॅमने सभ्यपणे विचारले: या नावाची फाईल आहे, काय करू? बदलू, की इकडची नवी असेल तरच बदलू, की आकार वेगळा असेल तर बदलू, की नाव बदलून ठेवू, की सोडून देऊ? दिरांनी विचारपूर्वक ‘नवी असेल तरच’ हे उत्तर निवडले. आणि दोनशे वेळा तोच प्रश्न कोण सोसणार, म्हणून खाली ‘नेहमी असेच कर’ या ओळीपुढे खूण केली. गोकुळाष्टमी नागपंचमीनंतर येते. यंत्राने हिशेब केला आणि एकसष्ट मुली दुसऱ्यांदा कागदावरून गेल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मुळातला १९८५ चा नियम विचारतच नाही, हे वर आलेच आहे. जो प्रश्न विचारला जातो तो या चित्रमय खिडकीचा सौजन्याचा भाग आहे. ‘नेहमी असेच कर’ म्हटले की ते सौजन्य संपले आणि आपण पुन्हा मूळ नियमाच्या हाती गेलो. सौ. बाईंचा आपल्या दिरांवरचा राग आम्ही समजू शकतो. परंतु आमच्या मते दोष द्यावयाचाच तर तो त्या प्रश्नाच्या रचनेला द्यावा. जेथे पंधरा वर्षांचे काम पुसले जाण्याचा संभव आहे, तेथे तारीख आणि आकार दाखवून भागत नाही. दोन्ही फायलींतल्या चार चार ओळी समोर ठेवावयास काय हरकत आहे? पण हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मनात कारखान्याचे, कचेरीचे काम असते. घरातल्या वंशावळी नसतात.

उपाय आहे आणि तो प्रोग्रॅममध्येच आहे. वरच्या यादीत ‘ट्रान्स्फर’ या शब्दाखाली, पाठवलेल्या फायलींच्या मूळ तारखा राखण्याची एक ओळ आहे. तेथे एकदा टिचकी मारून खूण करून ठेवावी. म्हणजे जुन्या पत्रावर जुनाच शिक्का राहतो. मात्र फाईल जेवढ्या हातांतून जाईल तेवढ्या सर्व ठिकाणी ही खूण हवी. वाटेत एकानेही ती केली नसेल तर तारखेवरचा भरवसा गेला.

त्याहून खात्रीची युक्ती म्हणजे दोन्ही चौकटींची तुलना करून पाहणे. ‘व्ह्यू’ या यादीत फोल्डरांची तुलना करण्याची सोय आहे. ती सुरू केली की प्रोग्रॅम फायलींना रंग देतो: एकाच बाजूला असलेली पिवळी, समोरच्यापेक्षा नवी ती हिरवी, आकार वेगळा असेल तर तांबडी. तुलना तारखेवरून करावयाची की आकारावरून, हे आपण सांगावयाचे. दिरांनी तारखेवरून केली असती तर डावी बाजू सगळी हिरवीगार दिसली असती आणि त्यांचा अधिकच गैरसमज झाला असता. आकारावरून केली असती तर दोनशे फायलींत एकच जोडी तांबडी झाली असती. एकसष्ट नावांनी फाईल थोडी जाड झालेली होतीच की! ती एक जोडी उघडून वाचावयास पाच मिनिटे लागली असती.

जाता जाता मामंजींच्या इतर फायलींविषयी. बाई लिहितात की नागपूरच्या लॅपटॉपवर त्यांतल्या पुष्कळशा उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. वाटेत त्या बिघडल्या काय? बिघडल्या नाहीत. मामंजींनी प्रारंभी जो फॉन्ट वापरला तो जुन्या पद्धतीचा असला पाहिजे. त्या काळी मराठी फॉन्ट तयार करणारे आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवीत. यंत्राच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरच असे. वर मुखवटा तेवढा मराठी. मुखवटा नागपूरला नाही, म्हणून खालचे रोमन उघडे पडले. देवनागरीला जगभर एकच क्रमांक देणारे युनिकोड १९९१ सालीच निघाले. पण आपल्याकडच्या छापखान्यांत आणि घरांत ते रुजावयास पुष्कळ वर्षे गेली. तेव्हा विठ्ठलवाडीचा जुना संगणक जिवंत आहे तोवर त्यावर या फायली उघडून पाहाव्यात, शक्य त्या कागदावर छापून घ्याव्यात आणि जाणकाराकडून युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. मूळ फायली मात्र तशाच ठेवाव्यात. रूपांतर करताना जोडाक्षरे आणि रफार पुष्कळदा घसरतात.

खरोखर वाटेत बिघडण्याचा प्रकारही आहे, तोही सांगून ठेवतो. साध्या एफ. टी. पी.त फाईल ‘मजकूर’ म्हणून पाठवता येते किंवा जशीच्या तशी. विंडोज आणि सर्व्हरवरचे युनिक्स यांची ओळ संपवण्याची खूण निराळी. म्हणून मजकूर म्हणून पाठवताना यंत्र त्या खुणा बदलत जाते. साध्या लिखाणाला हे बाधत नाही. पण छायाचित्राच्या फाईलीत तीच खूण योगायोगाने कोठे असली आणि ती बदलली, की चित्र उघडतच नाही. ‘ट्रान्स्फर’ यादीतच ‘बायनरी’ हा शब्द निवडून ठेवला की हा घोळ होत नाही.

बाईंच्या पत्रात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आम्हांला फार आवडला. त्यांच्या यजमानांचे म्हणणे असे की हे सगळे चढवणे-उतरवणे कशाला? एका डिस्कवर सगळे घालून ती कोणाबरोबर तरी नागपूरला पाठवावी! यजमानांची थट्टा करण्यापूर्वी थोडा हिशेब करू. वेगाच्या दृष्टीने यजमानांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. घरच्या इंटरनेटवरून वर चढवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट धरला, तर लग्नाची ४० गिगाबाइट छायाचित्रे व चित्रफिती चढावयास साडेचार तास लागतील. उलट एक टेराबाइटची डिस्क पिशवीत घालून एखादा गृहस्थ विठ्ठलवाडीहून दीड तासात मुंबईला पोचला, तर त्याच्या पिशवीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मेगाबिट पडतो, आणि तोही दुसऱ्या वर्गाच्या डब्यात लोंबकळत! आपल्याकडे जनतेसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेव्हा टेलिफोनवरून सेकंदाला ९,६०० बिटांचा वेग मिळाला तरी माणसे हरखत. त्या वेगाने एक मेगाबाइट जावयास जवळजवळ पंधरा मिनिटे लागत. तेव्हाही पिशवीच पुढे होती.

पण पिशवीत एक उणीव आहे. ती एकदाच जाते. घरातल्या कागदांचे तसे नाही. त्यांत आज एक ओळ वाढते, उद्या एक छायाचित्र. आणि विठ्ठलवाडीकरांना दुसरी प्रत दूर असण्याचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगर-विठ्ठलवाडीवरून कल्याणकडे जाते. एरवी तिची ओळख नाला म्हणूनच. पण २६ जुलै २००५ रोजी याच नदीने आणि पलीकडच्या उल्हास नदीने काय केले ते या पट्ट्यातल्या तळमजल्यावरच्या प्रत्येक कुटुंबास आठवते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी माणूस पोरांना उचलील, म्हाताऱ्यांना उचलील. संगणक उचलावयास तिसरा हात कोठून आणणार? प्रत नागपूरला असावी हे सूनबाईंचे आणि दिरांचे ठरवणे योग्यच होते. अडचण झाली ती प्रत एकच उरल्यामुळे. उजव्या चौकटीत फाईल दिसली की डावीकडची पुसावयास आपला हात शिवशिवतो. पण मग ती ‘दुसरी’ प्रत राहत नाही, पहिलीच होते. फक्त पत्ता बदललेला असतो. शिवाय उजव्या बाजूला कचऱ्याची टोपली नसते. आपल्या संगणकावर पुसलेले पुष्कळदा टोपलीत सापडते. पलीकडचे पुसले किंवा बदलले, की ते गेले.

त्यातल्या त्यात एक आशा असते. जागा भाड्याने देणारे लोक स्वतःच्या सोयीसाठी काही दिवसांच्या प्रती राखून ठेवतात. दिरांनी विचारणा केली. पण त्या मंडळींकडे आठ दिवसांच्याच प्रती होत्या आणि मध्ये महिना उलटला होता. म्हणून ज्याला असा प्रसंग येईल त्याने प्रथम फोन तिकडे करावा, आपसातले भांडण मागाहून.

आता बाईंच्या मूळ प्रश्नाकडे. फोन करताना त्या वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानांवर नावे टिपीत होत्या. त्यांतून त्रेचाळीस परत मिळाली आहेत. अठरा राहिली. त्यांत आत्याबाईंची बरीचशी आहेत, कारण त्यांचे बोलणे बाईंनी एका हाताने फोन धरून थेट संगणकावरच उतरवून घेतले होते. ही फाईल पुन्हा वर चढवताना काय करावे, असे त्या विचारतात.

बाई, आमचे सांगणे असे. चढवण्यापूर्वी फाईलच्या नावातच तारीख घाला. ‘वंशावळ’ एवढेच नाव ठेवू नका. नाव निराळे असले की यंत्राला बदलावयास समोर काही सापडतच नाही, आणि भावोजींनी कोणतीही खूण केली तरी चालते. दर दुरुस्तीला नवी तारीख, नवी फाईल. या लिखाणाच्या फायली छायाचित्रांच्या मानाने इतक्या लहान असतात की शंभर ठेवल्या तरी जागेची चिंता नको. इकडची प्रत पुसू नका. चढवून झाल्यावर न पोचलेल्यांचा कप्पा पाहा, मग आकारावरून तुलना करा, आणि शेवटी ती फाईल उजवीकडून एका रिकाम्या फोल्डरात उतरवून उघडून वाचा. उजव्या चौकटीत नुसते नाव दिसते; आतले शब्द जागेवर आहेत की नाहीत ते वाचल्याशिवाय कळत नाही.

राहिली ती अठरा नावे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेस आलेल्या कुटुंबांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की उपाध्याय आपली वही काढतात. तुमच्या सासरचे कोणी ना कोणी तेथे गेलेले असेलच, आणि पुष्कळदा बरोबरच्या बायकामुलींची नावेही लिहिलेली सापडतात. त्या वह्यांत आधीच्या नोंदीवर कोणी लिहीत नाही. नवा आलेला मनुष्य जुन्याच्या खाली लिहितो. दिवाळीनंतर गर्दी कमी झाली की जाऊन या. जाताना भावोजींनाही बरोबर घ्या. नावे सांगितली जातील ती उतरवून घेण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे, आणि तेही कागदावर.